इंजेक्शनच्या आधीचे फोटो

सीटी स्कॅनच्या खोलीला खिडकी नसते. माझं अर्धं आयुष्य तशा खोलीत गेलं, आणि नोकरी कशी होती असं कोणी विचारलं तर पहिल्यांदा मला तेच आठवतं. बाहेर ऊन आहे की आभाळ, हे मला पेशंटच्या कपड्यांवरून कळायचं. मे महिन्यात वर्ध्याचं ऊन डोक्यावर घेऊन आलेली माणसं आमच्या एसीत शिरली की आधी दोन मिनिटं नुसती उभी राहायची. मग एखादा म्हणायचा, "मशीन नाई लावली तरी चालन भाऊ, इथंच झोपू द्या." मी हसायचो. तोच विनोद रोज ऐकल्यावर हसतं ते फक्त तोंड.

मी वर्ध्यातल्या एका खाजगी सेंटरमध्ये टेक्निशियन होतो. सेंटर एका डॉक्टरांचं, त्यांना आम्ही सर म्हणायचो. नव्वदच्या दशकात मी लागलो तेव्हा तिथं फक्त एक्स-रे आणि सोनोग्राफी होती. डार्करूममध्ये फिल्म धुऊन धुऊन बोटांना आंबूस वास लागायचा. जेवायला बसलो की बायको विचारायची, हात धुतले का? धुतलेलेच असायचे. दशक संपता संपता सरांनी एक वापरलेली सीटी मशीन आणली. यवतमाळ, चंद्रपूरकडून माणसं यायला लागली. मला वाटलं, चला, अंधाऱ्या खोलीतून सुटलो. सुटतो कसला, आगीतून फुफाट्यात पडलो.

ती मशीन आधीच कुठंतरी राबून दमलेली होती. एक फोटो काढायची, थांबायची, टेबल बोटभर सरकायचं, मग दुसरा फोटो. पावाच्या चकत्या कापून ठेवाव्यात तसे शरीराचे आडवे काप एकेक करून स्क्रीनवर यायचे. वीस-पंचवीस काप झाले की आतली एक्स-रेची ट्यूब तापायची आणि मशीन थांबायची. मग मी, टेबलावरचा पेशंट आणि बाहेर बाकावरचे सगळे नातेवाईक त्या ट्यूबच्या गार होण्याची वाट बघत बसायचो. बाहेरची माणसं दारावर टकटक करायची. त्यांना वाटायचं मी आत चहा पितोय.

किडनीच्या गाठींचं मला सरांनी शिकवलं. संध्याकाळी गर्दी ओसरली की ते फिल्म उजेडाच्या पेटीवर लावायचे आणि मला बोलवायचे. "सगळ्या गाठी वाईट नसतात," ते म्हणायचे. "काही नुसत्या बसलेल्या असतात. कोणाचं काही वाकडं करत नाहीत. फक्त ओळखता आल्या पाहिजेत." ओळखायची खूण चरबीची. मशीन प्रत्येक ठिपक्याला एक आकडा देते. पाणी म्हणजे शून्य. मांस, रक्त शून्याच्या वर आणि चरबी शून्याच्या खाली. किडनीच्या गाठीत खरी चरबी सापडली, आकडा शून्याच्या खाली चांगला घसरला, की बहुतेक ती गाठ साधी. सर तिला गरीब गाठ म्हणायचे. मला तो शब्द आवडला होता.

पण ही चरबी कधी कधी अगदी थोडी असते. जाड काप घेतला तर शेजारच्या मांसात मिसळून जाते. त्यात शिरेतून औषधाचं इंजेक्शन दिलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या लखलखतात, आणि गरम वरणात तुपाचा थेंब दिसेनासा व्हावा तशी चरबी दिसेनाशी होते. म्हणून नियम होता की किडनीत गाठ असेल तर आधी इंजेक्शनशिवाय फोटो, सर त्याला प्लेन म्हणायचे, तेही पातळ कापांचे. मग इंजेक्शन देऊन पुन्हा सगळं. सरांनी हा नियम टाइप करून मशीनच्या खोलीत भिंतीला चिकटवला होता.

नियम चांगला होता. पण नियम लिहिणारा सोनोग्राफीच्या खोलीत बसायचा आणि तापणारी मशीन माझ्या उरावर होती. दुपारनंतर मी काय करायचो ते सांगतो. आधीचे फोटो गाळायचो. सरळ इंजेक्शन द्यायचो आणि एकदाच काय ते फोटो काढायचो. पेशंट अर्ध्या वेळात बाहेर, बाकावरचा पुढचा आत. मुतखडा नाही, डोक्याला मार नाही, पोटात साधं काहीतरी असेल तर फारसं बिघडायचंही नाही. सरांना हे अर्धवट माहीत असावं. एकदोनदा म्हणाले होते, "प्लेन का नाही घेतलं?" मी म्हणालो होतो, "मशीन तापली होती सर." ते खरं होतं. खरं असलं की माणूस पुढं फार विचार करत नाही.

ती बाई आली तेव्हा शाळांच्या परीक्षा चालू होत्या. नाचणगावच्या बाजूला ती शिक्षिका होती, नवऱ्याचं पुलगावला कापडाचं दुकान. वय चाळिशीच्या आतबाहेर. कंबर दुखते म्हणून सोनोग्राफी केली आणि सरांना तिच्या डाव्या किडनीत लिंबापेक्षा जराशी मोठी, पांढरीफेक गाठ दिसली. सोनोग्राफीत चरबी पांढरी दिसते, पण काही वाईट गाठीही तशाच दिसतात, म्हणून सीटी. ठरायचं एवढंच होतं. गाठ साधी असेल तर तिला हात लावायचा नाही, वर्षाकाठी एकदा सोनोग्राफीत बघत राहायचं. साधी नसेल तर किडनीच काढायची.

सकाळी नऊला आलेली ती दोघं दुपारी अडीचपर्यंत बाकावर होती. मध्ये अपघाताच्या दोन केसेस आल्या, त्या आधी घ्याव्या लागल्या. मग लाइट गेली. जनरेटर सुरू होऊन मशीन पुन्हा उठेपर्यंत पाऊण तास गेला. बाई मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन लाल पेनानं तपासत होती. नवरा मात्र दर दहा मिनिटांनी दाराशी यायचा.

"भाऊ, किती वेळ अजून? सकाळपासून पाण्याचा थेंब नाई हिच्या पोटात."

"होते आता," मी म्हणालो. माझ्याही पोटात नव्हता, पण ते कोण विचारतो.

तिला टेबलावर घेतलं तेव्हा स्क्रीनवर ट्यूब तापल्याची सूचना नुकतीच येऊन गेली होती. बाहेर आणखी आठ जण होते. मी तिच्या हाताची शीर शोधत होतो आणि ती छताकडं बघत होती.

"भाऊ, मशीन सांगते का, साधी हाये का दुसरी?" आमच्याकडं कॅन्सर हा शब्द उच्चारत नाहीत. 'दुसरी' म्हणतात, किंवा काहीच म्हणत नाहीत.

"मशीन नाही सांगत बाई. सर सांगतात फोटो बघून."

"मंग फोटो चांगले काढजा."

"हो," मी म्हणालो, आणि सरळ इंजेक्शन दिलं.

तेव्हा माझ्या मनात काहीही आलं नाही. ना नियम, ना भिंतीवरचा कागद. मला फक्त घरी जायचं होतं. नालवाडीला आमचं दोन खोल्यांचं घर, तिथं पंख्याखाली फरशीवर पडायचं होतं. लोक म्हणतात, चूक करताना आतून आवाज येतो. मला कसलाच आवाज आला नाही. माणूस पुरता थकला की तो आवाजही झोपतो.

संध्याकाळी सरांनी फोटो बघितले. गाठीनं औषध भरपूर घेतलं होतं, रक्तवाहिन्या चमकत होत्या. चरबी कुठं दिसत नव्हती. सरांनी दिवसभरात कितीतरी पोटं बघितलेली, त्यांनीही आधीचे फोटो मागितले नाहीत. रिपोर्ट लिहिला की गाठ वाईट असण्याची दाट शंका, शस्त्रक्रियेचा विचार व्हावा. आठवड्याभरात नागपूरला तिची डावी किडनी काढली.

महिनाभरानं नवरा पेढ्यांचा पुडा घेऊन आला. आत न विचारता शिरला.

"भाऊ, दुसरी नाई निघाली! साधी निघाली गाठ! तपासणीचा कागद आला नागपूरहून." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. रिसेप्शनवरच्या मुलीपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत त्यानं सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. मला दोन दिले. "तुमच्या मशीनमुळं वेळेवर समजलं. देव पावला."

मी एक पेढा खाल्ला. दुसरा हातातच राहिला. सरांनी तो कागद आत नेला, आणि नवरा गेल्यावर मला बोलावलं. पेटीवर बाईच्या फिल्म लावलेल्या होत्या.

"गाठीत चरबी होती," ते म्हणाले. "एका बाजूला, बोराएवढी. प्लेन कुठं आहे?"

"घेतलं नव्हतं सर."

मी म्हटलं, आता बोलतील. ते रागावले असते, चार माणसांत झापलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पेटीचा दिवा बंद केला.

"एवढी चरबी पातळ कापात दिसली असती," ते म्हणाले. "मीही विचारायला हवं होतं. आता किडनी काही परत बसत नाही. बाई खूश आहे. तू कोणाजवळ बोलू नकोस, मीही बोलत नाही."

मी हो म्हणालो. नोकरीची भीती होती का? होती. पण त्याहून जास्त सोय होती. गप्प बसायला सांगणारा साहेब मिळाला की गप्प बसणं सोपं जातं.

त्या दिवसानंतर मी किडनीचे आधीचे फोटो एकदाही गाळले नाहीत. ट्यूब तापो, लाइट जावो, बाहेर लोक बोंबलोत. काही वेळा खरंच शून्याखालचा आकडा दिसला, सर म्हणाले गरीब गाठ आहे, आणि माणूस दोन्ही किडन्या घेऊन घरी गेला. अशा वेळी मला आनंद व्हायला हवा होता. मला आधी ती बाई आठवायची, आणि आनंद व्हायच्या आतच मी थकून जायचो.

ती विसरू देणार नव्हतीच. गाठ साधी निघाली तर दरवर्षी रोडगे करीन, असा नवस तिनं मारुतीला बोलला होता. आमच्या भागात नवस फेडायचा तर रोडगे. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तुपाची धार, जोडीला वांग्याची भाजी आणि वरण. सगळं उघड्यावर, देवळापुढं. त्यांच्या गावाबाहेर शेतात मारुतीचं देऊळ आहे, तिथं त्यांची पंगत बसायची, आणि पंगतीत मानाचा पाहुणा मी. सरांनाही निमंत्रण असायचं. ते दरवर्षी कामात असायचे.

पहिल्या वर्षी गेलो, कारण गेलो नसतो तर संशय आला असता असं मला वाटलं. चोराच्या मनात चांदणं. दुसऱ्या वर्षी गेलो, कारण पहिल्या वर्षी गेलो होतो. नंतर कारण लागलं नाही. नवरा मला हाताला धरून लोकांसमोर उभं करायचा. "हेच ते मशीनवाले भाऊ. ह्यायनं फोटो काढले म्हणून आज हे दिसून राह्यली." बाई स्वतः तुपाचं भांडं घेऊन यायची. "लाजू नका भाऊ, अजून एक घ्या." ती बोलता बोलता माझ्याकडं पाहायची, आणि मला वाटायचं, हिला कळलंय. तिला काही कळलेलं नसायचं. ती फक्त आग्रह करत होती.

रोडगा गरम असताना फार चांगला लागतो. मला तो दरवर्षी चांगला लागायचा, याचीही मला लाज वाटायची.

आठ-नऊ वर्षं अशी गेली. सरांनी नवी मशीन घेतली. ती पूर्ण पोट एका दमात, श्वास रोखायला सांगितला तेवढ्यात संपवायची. तापायची नाही, थांबायची नाही. मी तिच्यासमोर कधी कधी नुसताच बसून राहायचो. जे फोटो घ्यायला एके काळी अर्धा तास जायचा म्हणून मी गाळले, ते आता डोळ्याचं पातं लवेपर्यंत होत होते.

एका सकाळी ती बाई पुन्हा आली. उजव्या बाजूला कळ येत होती. राहिलेल्या एकुलत्या किडनीत खडा असल्याची शंका होती. रक्ताचा रिपोर्टही बरा नव्हता. किडनीचं काम मंदावलंय, आता हिला जपा, दुसरी नाही, असं पुलगावच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. ते तिनं मला टेबलावर चढता चढता सांगितलं, काळजीनं, पण तक्रार न करता. केस पिकले होते. पायांना सूज होती.

खड्यासाठी इंजेक्शन लागत नाही. श्वास रोखा म्हटलं, टेबल आत गेलं, बाहेर आलं.

"झालं?"

"झालं बाई."

"अन् इंजेक्शन?"

"याला नाही लागत. हे बिनइंजेक्शनचेच असतात."

"मंग माग काऊन देल्लं होतं?"

तेव्हा गाठ होती म्हणून, एवढं म्हटलं असतं तर खोटंही झालं नसतं. ती चपला घालून गेली असती. पण तिच्या पायांची सूज माझ्या नजरेसमोर होती. आणि खरं सांगायचं तर मी त्या तुपाला कंटाळलो होतो, त्या हाताला धरण्याला कंटाळलो होतो. मी स्टूल ओढून बसलो आणि तिला सगळं सांगितलं. इंजेक्शनच्या आधी जे फोटो घ्यायचे होते ते मी घेतले नाहीत. घेतले असते तर चरबी दिसली असती. चरबी दिसली असती तर किडनी काढली नसती. मशीन तापली होती हेही सांगितलं, आणि सांगताना ते किती लंगडं वाटतं ते मला ऐकू आलं.

ती टेबलाच्या काठावर बसली होती, पाय खाली लोंबत होते.

"म्हणजे काढाले नोको होती?"

"बहुतेक नको होती."

"सरायले मालूम हाये?"

"हो."

"कवापासून?"

"तुमच्या घरून पेढे आले त्या दिवसापासून."

ती काही रडली नाही. मी तिच्या रडण्याची तयारी ठेवली होती, रागाचीही. माफीचे शब्दही मनात जुळवून ठेवले होते. ते मी बोललो. तिनं ते ऐकलं की नाही, ठाऊक नाही.

"मले काऊन सांगून राह्यले आता?" ती म्हणाली. "किडनी तर वापस येत नाई."

"राहवलं नाही बाई. इतकी वर्षं मनावर होतं."

"तुमाले राहवलं नाई." तिनं ते शब्द माझ्या हातातून घेतल्यासारखे हळू उच्चारले. "इतके वर्सं मी सोताले नशीबवान समजत होती, भाऊ. पाय सुजले, थकवा आला, तरी म्हणे, असू दे, जिवावरचं तर टळलं. तेवढं तरी राहू द्याचं होतं मायाजवळ."

मी स्टूल मागं सरकवलं.

"तुम्ही तर हलके झाले आता," ती म्हणाली. "मी कोणाले सांगू? ह्यायले सांगतलं तर हे दुकान बंद करून तुमच्या दारात येऊन बसतीन. अन् मंग घरात दुसरी गोष्टच राहाची नाई." तिनं पायानं चपला चाचपल्या, घातल्या, पदर नीट केला. "रिपोर्ट कवा भेटन?"

"चार वाजता."

दार उघडलं तर नवरा समोरच. म्हातारा झाला होता, पण चेहरा तसाच उघडा. मला बघून त्याला बरं वाटलं, हे दिसत होतं.

"काय भाऊ, हाये ना ठीक सगळं? अन् यंदा रोडगे शनवारी हायत. येजा बरं, विसरजा नोका."

मी तिच्याकडं पाहिलं. माझी खात्री होती, ती आता नाही म्हणेल, तब्येतीचं कारण सांगेल.

"येतीन ते," ती म्हणाली. "काऊन नाई येणार?"

शनिवारी मी गेलो. न जाण्याचा हक्क आता माझ्याकडं उरला नव्हता. पंगत बसली. नवरा शेजारच्या पानावरच्या नव्या पाहुण्याला सगळी हकीकत सांगत होता, गाठ कशी सापडली, नागपूर, तो कागद, मारुती. बाई तुपाचं भांडं घेऊन ओळीतून येत होती. माझ्या पानाशी वाकली, रोडग्यावर धार धरली. अजून घ्या म्हणाली नाही.

"नशीब थोर हिचं," नवरा म्हणाला. "काय वो?"

ती पुढच्या पानाकडं सरकली होती. तिथूनच म्हणाली, "हो ना."